तेर्साचा मान

साल्वादोर सर कुणाच्याही घरात शिरताना आधी उंबऱ्यावर थांबून मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि मग अंथरुणावरच्या माणसाकडे. एका घराला अकरा मिनिटं. हा आकडा कुठून काढला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "धा मिनटांत घाय केल्यासारख्या दिसता," ते म्हणाले, "आणि पंधरा मिनटां बसलो तर लोक चाय करूक उठतत." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसूही आलं नाही. माणसांच्या दुखण्याला अकरा मिनिटांत बसवणारा हा गृहस्थ त्याच दिवशी माझ्या मनातून उतरला, आणि पुढची नऊ वर्षं उतरलेलाच राहिला.

'सर' ही पदवीसुद्धा उगाचच होती. त्यांनी आयुष्यात शाळेत एक तास शिकवला नव्हता. मालवाहू बोटीवर ते जेवणखाणाचे मुख्य होते, हाताखालची माणसं त्यांना सर म्हणायची, आणि निवृत्त होऊन मालवणात परतताना त्यांनी ट्रंकेतल्या इतर सामानाबरोबर ती पदवीही घरी आणली. वर्षभर बायकोच्या स्वयंपाकात लुडबुड करून झाल्यावर त्यांना सेवेची उबळ आली. खाडीकाठच्या गावांतून अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं बरीच. मुलं मुंबईला, गोव्याला, नाहीतर आखातात. सरांनी चर्चमधली पाचसहा माणसं गोळा करून सेवा मंडळ काढलं. मी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून नुकतीच रिटायर झाले होते, आणि जखमा धुणारं कुणीतरी हवंच होतं, म्हणून मला बोलावणं आलं. बाकीचे सहा महिन्यांत गळाले. दर गुरुवारी सरांची जीप आणि आम्ही दोघं एवढंच मंडळ उरलं.

एवढ्याशा मंडळासाठी त्यांनी नारिंगी जाकिटं मात्र डझनभर शिवून घेतली होती. पाठीवर पांढरा क्रूस. एप्रिलच्या उकाड्यात ते अंगात घालून आम्ही एकदा कट्टा गावाजवळ जीपमधून उतरलो, तर एका माणसाने मला विचारलं, "बाय, रस्त्याचा काम कधी सुरू करतलात?" मी ते जाकीट पुन्हा घातलं नाही. सर घालत राहिले. सेवा करणारा माणूस लांबून ओळखू यायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

खोटं कशाला बोलू, काम चोख होतं. बिछान्यावरच्या माणसाला न उचलता त्याच्याखालची चादर बदलायची त्यांची एक पद्धत होती. ती त्यांनी घराघरांतल्या सुनांना, लेकींना, शेजारणींना शिकवली. पाठीला पडलेल्या जखमा त्यामुळे किती जणांच्या भरल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हाताऱ्यांची पायाची नखं ते स्वतः कापायचे, कसलीही किळस न बाळगता. कापताना एक वाक्य ठरलेलं असायचं, "हात चालत ऱ्हवले काय बाकीचा सगळा गप ऱ्हवता." त्यातलं 'बाकीचं' म्हणजे काय, ते कधी सांगितलं नाही.

मला ते ठाऊक आहे असं मला वाटायचं. ज्या माणसाच्या पाठीवर वीतभर क्रूस होता, त्याला मी कपाळावर क्रुसाची खूण करताना एकदाही पाहिलं नव्हतं. जेवायला बसले की थेट पहिला घास. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ते यायचे, पण आत नाही. दाराबाहेर स्कुटरांच्या रांगेशी हाताची घडी घालून उभे राहायचे, आणि कुणी वाकडी गाडी लावली तर खुणेने सरळ करायला सांगायचे. फादर एकदा म्हणाले, सर, सेवेला निघण्याआधी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाच मिनिटं बसून जात चला. सरांचं उत्तर मी बाजूला उभी राहून ऐकलं. "मागणा म्हणूक तुमी आसात, फादर. आमका पाय धुवूंदेत."

आता माझं सांगते, म्हणजे माझ्या नाक मुरडण्यामागचं कारण कळेल. आमच्या वाडीच्या खुरसाकडे, म्हणजे रस्त्याकडेच्या दगडी क्रुसाकडे, मे महिन्यात तेर्स होतो. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. मग उकडलेले चणे वाटायचे. सुरुवात करण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे. आजोबांनी केली, बाबांनी केली, भाऊ गोव्याला गेल्यापासून मी करते. हा मान आमच्याकडे भलताच जपला जातो. मान असलेला माणूस हजर असताना दुसऱ्याने तोंड उघडलं, तर वर्षभर बोलाचाली बंद होते. पाहुणे घरी आले तरी हाच नियम, जो मुख्य म्हणून आला असेल त्याने सुरू करायचं. मला माळेची पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, मरियेच्या नावांची लितानी, मृतांसाठीची मागणी, सगळं झोपेतून उठवलं तरी बिनचूक येतं. आणि मी दर गुरुवारी ज्याच्या मागून पिशवी घेऊन फिरत होते, त्याला तोंडातून 'देवा' काढणं जड जात होतं. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

एश्पेरांस मावशी आमच्या यादीत नवव्या वर्षी आली. खाडीच्या कडेला एकटं घर, मुलगा आखातात, वय पंच्याऐंशीच्या पुढे, मांडीचं हाड मोडून पडलेली. शेजारची सुलभा तिला सकाळ-संध्याकाळ भरवायची, पुसायची. सुलभा काजूच्या बिया सोलायच्या कामाला जाई, त्या तेलाने तिची बोटं काळी पडलेली असत. दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण होतं, आणि ते सुलभाने जायला यायला सोपं पडावं म्हणून मध्येच मोडून ठेवलं होतं.

पहिल्या गुरुवारी मी जखम धुतली, सरांनी चादर बदलली, वॉटरबेडमध्ये पाणी भरलं. मावशी सगळं निमूट सोसत होती. झाल्यावर तिने उशीखालून जपमाळ काढली आणि सरांकडे बघून म्हणाली, "सर, एक तेर्स सुरू करा. माझ्या तोंडाक आता एकटीन येणा नाय." तिच्या वाडीत दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. तेर्सला उत्तर देणारं कुणीतरी लागतं, आणि सुरू करणारं कुणीतरी. कितीतरी महिन्यांत तिच्या घरात तो झाला नव्हता.

सरांनी खिशातून मोबाइल काढला, म्हणाले, "जरा भायर जावन येतंय," आणि अंगणात गेले. फोन वाजलेला नव्हता. मी गुडघ्याशी बसून बँडेज गुंडाळत होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सर येतील आता, मग सुरू करू. तिने मान हलवली. नियम तिलाही ठाऊक होता. माळ हातात धरून ती दाराकडे बघत राहिली. सर आले ते घड्याळ बघतच, आणि आम्ही निघालो.

मला इतका आनंद झाला की तो लपवणं कठीण गेलं. रविवारी चर्चच्या आवारात मी बायकांना ती गोष्ट सांगितली, सरांचा खिशात हात घालणं, दाराकडे सरकणं, सगळं करून दाखवलं. बायका पोट धरून हसल्या. पुढचा गुरुवार तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. मावशी विचारायची, सर बाहेर जायचे, मी बँडेज करत बसायची. तिसऱ्या खेपेला ते उठायच्या आत मी गोड आवाजात म्हटलं, "मान तुमचो, सर." त्यांचा चेहरा लाल झाला. यादीवर काहीतरी लिहिल्यासारखं करून ते बाहेर गेले. ते दर वेळी अंगणातल्या माडाखाली, घराकडे पाठ करून उभे राहत. मला वाटायचं, तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून.

ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस निम्म्यावर आले तेव्हा मावशी खालावली. फादर रविवारी येऊन, मरणाऱ्याला पवित्र तेल लावतात तो अखेरचा तैलाभ्यंग देऊन गेले. त्यांच्याकडे तीन गावं, थांबायला सवड नव्हती. गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा तिचे पाय गार पडत चालले होते. सुलभा उशाशी होती. मावशीचा आवाज पुटपुटण्याइतका राहिला होता, पण मागणं तेच होतं. "आज तरी, सर."

त्या दिवशी सरांनी मोबाइल काढला नाही. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, नारिंगी जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं. "आमच्या बापा," ते म्हणाले, आणि थांबले. पुढचे शब्द येईनात. मावशीचे ओठ उत्तरासाठी तयार होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण तो सुलभालाही कळला, तिनेही माझ्याकडेच पाहिलं. मी फक्त तोंड उघडायचं होतं. शब्द माझ्या जिभेवर होते.

"मान तुमचो, सर," मी म्हटलं.

ते बाहेर गेले. मी ड्रेसिंग पुरं केलं, आणि ते अगदी नीट केलं. निघताना मावशीने डोळे मिटले होते. ओठ मात्र अजून थोडे उघडेच होते.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास गेली. उपासातला शुक्रवार आणि तीनची वेळ, येशूच्याच मरणाची, काय भाग्याचं मरण, असं चर्चच्या बायका म्हणाल्या. मीही मान डोलावली. दफन झाल्यावर मंडळाचा वॉटरबेड परत आणायला आम्ही तिच्या घरी गेलो. सुलभा तिथे झाडून काढत होती. शेवटी कसं झालं, म्हणून सरांनी विचारलं. तिने केरसुणी खाली ठेवली.

"तिचा मागणा माका येणा नाय," ती म्हणाली. "ती नुसती माझ्याकडे बघी होती. मगे मी तिच्या हातातली माळ धरलंय आणि म्हटलंय, देवा, हय ये. तिचो देव येवंदे नायतर माझो. ती पण म्हणाक लागली, हय ये, हय ये. मगे गप झाली." आणि आमच्याकडे बघून, जरा ओशाळून, "चुकला काय गो माझा?"

मी वॉटरबेड गुंडाळायला लागले. सर म्हणाले, "नाय चुकला."

परतताना कट्टा ओलांडल्यावर सरांनी जीप काजूच्या बागेशी कडेला घेतली आणि बंद केली. समोर बघतच बोलायला लागले. "तुका सगळा तोंडपाठ येता. मी भायर गेल्यार तू सुरू करशीत म्हणान मी भायर जाय होतंय. मी आत आसलंय तर मान माझो. मी नसलंय तर तुझो. माका वाटला, तू करतंस. भायर काय आयकाक येणा नाय, म्हणान माका कळला नाय."

मी म्हटलं, शब्द तर तुम्हालाही येतात. "शब्द येतत गो," ते म्हणाले. "पण समोर कोण आसा असा माका वाटणा नाय. बोटीर आसताना खय तरी तुटला ता. आता मरणाऱ्या माणसाच्या उशाक बसान खोटा कसा बोलू?" मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "तुका तर येता. तू कित्याक नाय केलंस?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मी दिलं, मान तुमचा होता म्हणून. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. पण एखादी गोष्ट हातात घेण्याच्या लायकीची नाही असं कळल्यावर माणूस जसा तिच्याकडे बघतो, तसे ते बघत होते. मला ती नजर चांगली ओळखीची होती. नऊ वर्षं मी त्यांच्याकडे तशीच बघत आले होते. त्यांनी जीप सुरू केली.

त्यानंतर सर देवळात जाऊन बसायला लागले. मिस्साला नाही, एरवी, रिकाम्या देवळात. पुढून दुसऱ्या बाकावर, हात गुडघ्यांवर ठेवून, माळ नाही की पुस्तक नाही. गुरुवारी सकाळी मी जीपमध्ये औषधांची पिशवी घेऊन ताटकळत बसायची आणि हे आत. माझा स्वभाव काही लगेच बदलला नव्हता. लोक जखमा घेऊन वाट बघताहेत आणि या माणसाला आता भक्ती सुचते आहे, असं मला वाटायचं, आणि चर्चच्या बायकाही आता माझ्याशिवायच त्यांची नक्कल करायला शिकल्या होत्या. एकदा न राहवून मी विचारलं, आत तुम्ही म्हणता तरी काय? "सुलभा म्हणाली ना, ताच," ते म्हणाले. "हय ये. तेच्याफुडे काय येणा नाय." मी कुत्सितपणे विचारलं, मग येतो का? सरांना माझा कुत्सितपणा कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "एकदोनदा इल्यासारखो वाटलो," ते हळूच म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

कामात फरक पडला, पण तो मान्य करायला मी फार वेळ घेतला. रेवंडीला एक म्हातारे होते, आजारपणाने चिडखोर झालेले. कुणी अंगाला हात लावला की फटका मारायचे. मलाही दोनदा बसला होता. सर त्यांच्या खाटेशी जाऊन नुसते बसले. मला वाटलं, बोलायला काही सुचत नाही म्हणून बसलेत. अर्ध्या तासाने म्हाताऱ्यांनी आपणहून गाल पुढे केला, आणि सरांनी त्यांची वाढलेली दाढी केली. मी बाहेर ओट्यावर बसून त्या घरचा दुसरा चहा पीत होते. जे पूर्वीही करत होते तेच काम ते करत होते, पण आता त्यांच्यापाशी माणसं शांत पडून राहत. ते का, हे मला कळायला हवं होतं, कारण देवाच्या गोष्टी मला येतात असा माझा दावा होता. मला कळलं नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

सरांनी शेवटपर्यंत कुणाच्याही घरी तेर्स सुरू केला नाही. कुणी म्हटलं तर ते माझ्याकडे हात करायचे, "ही म्हणतली," आणि स्वतः खाली बसून उत्तर द्यायचे. मी म्हणायची. काटेकोर म्हणायची. उत्तर देताना त्यांचा आवाज इतका बारीक असायचा की मला चीड यायची.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. सकाळी उठून अंगणात गेले आणि कोसळले, दवाखान्यात न्यायच्या आतच संपलं. मुलगी गोव्याहून आली. वाडीतली, चर्चमधली, खाडीकाठची माणसं घरात मावेनात. रेवंडीच्या म्हाताऱ्यांचा मुलगा होता, सुलभा होती, हात न धुता कामावरून तशीच आलेली. तेर्सची वेळ झाली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान माझा होता, यात कुणालाच शंका नव्हती.

मी सुरू केलं. पाचही दशकं, लितानी, मृतांसाठीची मागणी. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, आवाज कुठे कापला नाही. संपल्यावर सरांची मुलगी माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आंटी, किती सुंदर म्हणता तुम्ही. पप्पांना फार बरं वाटलं असतं." मी तिला थँक यू म्हटलं.

लोक चहासाठी ओसरीवर गेले. मी सरांच्या उशाशी बसून राहिले. या माणसाला मी नऊ वर्षं आणि त्यावर आणखी काही वर्षं तुच्छ लेखलं, आणि त्याच्यासाठी एकदा तरी मनापासून काही मागावं, असं वाटलं. सुलभाचे ते दोन शब्द, हय ये, म्हणून बघितले. ओठ हलले, पण मी ते कुणाला म्हणते आहे, हेच मला कळेना. समोर कुणी नव्हतं. कधीच नव्हतं, मी आयुष्यभर सुरुवात करण्याचा मान सांभाळला आणि पलीकडे कोण आहे ते एकदाही पाहिलं नाही. मला तिथेच रडू फुटलं. बायका धावत आल्या, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मी सरांसाठी रडते आहे.